आधी चांदणीला घरी सोडू

तुळशीची लग्नं लागली की आमच्या घोडपदेवच्या चाळीत दोन आवाज हमखास सुरू होतात. एक गच्चीवरचा. गणपतीनंतर गोणपाटात गुंडाळून ठेवलेले ढोल-ताशे बाहेर निघतात, कुणी कातडं ताणून बघतं, कुणी उगाचच एक काठी मारून बघतं. दुसरा आवाज आमच्या आईचा. ती गॅलरीत तांदूळ निवडत बसते आणि कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणते, "इली गे बाय ह्यांची लग्नसराय. आता मे महिन्यापर्यंत हो जेवच्या टायमाक घरात गावाचो नाय."

मी दिवसा एका विमा कंपनीच्या ऑफिसात फायली पुढे सरकवतो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या पार्टीत बेंजो वाजवतो. दोन्ही कामं इतकी वर्षं करतोय की ऑफिसात बोटं टेबलावर आपोआप चालतात आणि वरातीत मला मधूनच पॉलिसीचे नंबर आठवतात.

यंदाची पहिली ऑर्डर लालबागची होती. नवरदेव बॅटरीवर चालणाऱ्या रथात बसला होता. रथाला पुढे प्लास्टरचे दोन पांढरे घोडे, त्यांच्या डोळ्यांत लाल दिवे लुकलुकत होते. आम्ही पुढे वाजवत निघालो आणि सवयीनं माझी मान मागे वळली. वरातीत वाजवणाऱ्याचं अर्धं लक्ष कायम मागे असतं. घोडी थांबली की आपण थांबायचं, ती बिचकली की आवाज उतरवायचा. मी वळून बघितलं तर ते दोन प्लास्टरचे घोडे माझ्याकडे डोळे मिचकावत होते. हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबरच चांदणीची शेवटची सराई आठवली. शेवटची म्हटलं की गळा दाटून यावा असा रिवाज आहे. माझा दाटत नाही. ती सराई आठवली की मला अजून बरं वाटतं.

चांदणी म्हणजे हौसामावशीची घोडी. लांबून पांढरीशुभ्र, जवळ गेलं की मानेवर आणि पोटाखाली बारीक तपकिरी ठिपके. चाळीच्या मागच्या गल्लीत, एका गॅरेजला लागून, पत्र्याचा छोटा तबेला होता. गॅरेजमधून ग्रीसचा वास यायचा, तबेल्यातून ओल्या गवताचा आणि लिदीचा, आणि दोन्हींच्या मधोमध चहाची टपरी. त्या टपरीवरचा चहा पिताना तिन्ही वास एकदम नाकात जायचे. आज तिथून जाताना एकच वास येतो, ग्रीसचा. मग चहाही अपुरा लागतो.

हौसामावशी मूळची वाईकडची. तिचा सासरा ह्या शहरात घोडागाडी चालवायचा, नवऱ्यानं वरातीच्या घोड्या सांभाळल्या. नवरा गेला तेव्हा नातेवाईक म्हणाले, घोडी विकून टाक. मावशीनं पदर खोचला आणि लगाम हातात घेतला. सुरुवातीला लोक घोडीपेक्षा तिच्याकडेच बघायचे. नंतर शीवपासून शिवाजी पार्कापर्यंत लोक येऊन विचारायला लागले, "ती बाईवाली घोडी कुठे मिळेल?"

वरात निघायच्या आधी मावशीचा एक शिरस्ता होता. खरारा करून झाला, झूल चढवली, कपाळावर कलगी बांधली की ती कमरेच्या पिशवीतून कापसाचे दोन बोळे काढायची आणि चांदणीच्या कानांत घालायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं, "मावशी, हे काय?"

"तुमचा बेंजो," ती म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. पण मला ते लागलंही होतं थोडं. माझ्या वाजवण्याला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ जिनं सोबत केली, ती कानात कापूस घालून चालत होती!

ह्या शहराचं आणि घोड्यांचं नातं तसं जुनं. एकेकाळी ट्राम घोडे ओढायचे, सामान घोडे ओढायचे, साहेबलोकांच्या गाड्या घोडे ओढायचे. अजून कुठे कुठे रस्त्याच्या कडेला दगडी हौद दिसतात, जनावरांना पाणी पिण्यासाठी बांधलेले. आता त्यात कुणी मनीप्लांट लावलाय, कुणी भाजीच्या जुड्या भिजत ठेवतं. तबेल्यांची गॅरेजं झाली. इंजिन आलं आणि घोड्यांची ओझ्यातून सुटका झाली, पण मिरवणुकीतून काही झाली नाही. आमच्या घोडपदेवच्या नावातच घोडा आहे अशी लहानपणी आमची पक्की समजूत होती. खरं काय ते जाणकार जाणोत, पण त्या समजुतीमुळे चांदणी आम्हाला आमच्या वस्तीची मालकीण वाटायची.

आणि तिच्यावर सगळ्यांचं प्रेम होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते प्रेम नसल्यामुळे झालं असं कुणाला वाटू नये. पावसाळ्यात मावशी तबेल्यात खाट टाकून तिच्याजवळ झोपायची. आमची आई पोळ्यांचं उरलेलं पीठ तिच्यासाठी ठेवायची. आणि दुसऱ्या मजल्यावरची प्रज्ञा, कांबळेकाकांची मुलगी, शाळेत जाताना रोज मूठभर भिजवलेले चणे घेऊन तबेल्यात जायची. ती तळहात सपाट धरायची, चांदणी ओठांनी एकेक चणा उचलायची आणि प्रज्ञा गुदगुल्या होऊन खिदळायची. ते खिदळणं आमच्या चाळीचं सकाळचं घड्याळ होतं. प्रेम होतं, आणि आम्ही तिच्याकडून कामही करून घेत होतो. दोन्ही खरं होतं. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही, एवढं मला आता कळतं.

प्रज्ञा मोठी झाली, फिजिओथेरपी शिकली, परळच्या एका हॉस्पिटलात लागली. तिथे दिवसभर लोकांना पुन्हा चालायला शिकवायची. चांदणीच्या त्या शेवटच्या सराईत तिचं लग्न ठरलं, तिच्याच बरोबर काम करणाऱ्या नीलेशशी. मे महिन्यातला शेवटचा रविवार, परळचा हॉल.

मी तबेल्याबाहेर चहा पीत होतो तेव्हा कांबळेकाका आले. पोस्टातून रिटायर झालेले, बोलायला मोजके, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. आधी त्यांनी चांदणीकडे बघितलं, मग मावशीकडे.

"हौसाबाई, त्या रविवारी चांदणी मला पाहिजे."

"दिली. नवरा कुठनं निघणार?"

"नवरा येईल टॅक्सीनं. माझी पोरगी बसणार घोडीवर."

मावशी हरखलीच. "लई झ्याक! दर येळंला त्ये जाडजूड नवरंच. एकदा हलकी नवरी बसू दे की."

काका हसले. मग टपरीच्या बाकावर माझ्या शेजारी बसले आणि समोर बघत बोलायला लागले. मी त्यांना एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"माझ्या वडलांच्या लग्नात गावाला घोडा आणला होता," ते म्हणाले. "दुसऱ्या गावातून मागून आणलेला. वेशीपाशी माणसं उभी राहिली. म्हणाली, तुमच्यातला घोड्यावर बसून ह्या रस्त्यानं जात नसतो. खाली ओढला त्यांना. फेटा सुटला. तसाच हातात घेऊन चालत मांडवात गेले. मग इकडे आले, गिरणीत लागले. परत त्या रस्त्यानं कधी गेले नाहीत." थोडं थांबून म्हणाले, "माझं लग्न इथेच गच्चीवर झालं. गिरण्या बंद, हातात काही नाही, घोडी कुठली आणणार? म्हणून आता. आपल्या घरातलं कुणीतरी वर बसलेलं मला बघायचंय रे."

मी मान हलवली. नंतर पुष्कळदा मनात आलं, माणसानं माणसाचा मान कुठे नेऊन ठेवला, तर एका जनावराच्या पाठीवर. कुणी तिथे बसायचं आणि कुणी बसायचं नाही, ह्यावरून डोकी फुटली. ज्याची पाठ होती त्याला कुणीच काही विचारलं नाही. पण त्या दिवशी हे सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी फक्त ठरवलं की त्या रविवारी आपण असा बेंजो वाजवायचा की ती वेस हलली पाहिजे.

ती सराई जबरदस्त होती. आम्ही गिरगावात वाजवलं, दादरला वाजवलं, एकाच संध्याकाळी दोन वराती केल्या. चांदणी सगळीकडे होती. मे उजाडला आणि डांबर असं तापायला लागलं की चपलेचा तळवा चिकटायचा. मी मागे वळून बघायचो तर ती मान खाली घालून चालत असायची. मावशी मधून मधून तिच्या पायांवर पाणी ओतायची.

रविवार आला. चाळीला निळ्या-पांढऱ्या पताका, जिन्यात अत्तराचा आणि मोगऱ्याचा घमघमाट. संध्याकाळी प्रज्ञा पांढऱ्या साडीत खाली उतरली आणि गॅलऱ्यांमधून शिट्ट्या पडल्या. गर्दीतच तिला उचलून चांदणीवर बसवलं, मोबाइल वर झाले, फुलं पडली. काका समोर उभे होते. त्यांचा चेहरा मी बेंजो वाजवता वाजवता बघितला. त्यांनी हात जोडले होते, कुणाला ते मला कळलं नाही. बहुतेक वडलांना.

वरात हलली. आम्ही जेमतेम पानवाल्यापर्यंत गेलो असू, तेवढ्यात मागून प्रज्ञाचा आवाज आला.

"थांबा. थांबा जरा!"

आम्ही थांबलो. ती घोडीवर ताठ बसली होती, कान देऊन ऐकावं तशी. "मावशी, अजून दोन पावलं चालव तिला." मावशीनं लगाम धरून चालवलं. पुढचा उजवा पाय टेकला की चांदणीचं डोकं झटक्यानं वर जायचं. खालून, त्या कलगी आणि हारांच्या गर्दीत, आमच्यातल्या कुणालाच ते दिसलं नव्हतं. वर बसलेल्या प्रज्ञाला प्रत्येक पावलाला कळत होतं.

कुणी हात द्यायच्या आत तिनं पाय फिरवला आणि साडी सावरत खाली उडी मारली.

"मी नाही बसणार. तिचा पाय दुखतोय."

मग एकदम दहा तोंडं. तिचा मामा म्हणाला, "अगं कोपऱ्यापर्यंत तरी बस, फोटोपुरतं." कुणी म्हणालं, बुलेट आणा. कुणी उघडी जीप मागवायला फोन काढला. काका पुढे आले.

"प्रज्ञा, तुला माहीत आहे मी हे का केलं."

"माहीत आहे, बाबा."

"एवढी वर्षं वाट बघितली मी. आणि तू उतरलीस?"

प्रज्ञानं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. ती रडत नव्हती. उलट तिच्या चेहऱ्यावर तिच्या पेशंटना समजावताना असेल तसली शांत माया होती.

"आजोबांना उतरवलं होतं, बाबा," ती म्हणाली. "मला कुणी उतरवलं नाही. मी उतरले. माझी मी."

रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्यांनी हॉर्न थांबवले असावेत असं मला आठवतं, पण ते आठवणीचे लाड असतील. खरं एवढंच की काका मुलीकडून चांदणीकडे वळले. तिनं उजवा पाय किंचित उचलून धरला होता.

"हौसाबाई, दुखतंय तिला?"

"सकाळधरनं," मावशी म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या तोंडाकडं बघून."

काकांनी मावशीच्या हातातला लगाम स्वतःच्या हातात घेतला.

"चला," ते म्हणाले. "आधी चांदणीला घरी सोडू."

आणि वरात उलटी फिरली. हॉलची दिशा सोडून मागच्या गल्लीकडे. आमच्या ढोलवाल्यानं काठी उचलली, मी मानेनंच नको म्हटलं. सगळी वऱ्हाडी मंडळी, नटलेल्या बायका, खांद्यावर बसलेली लहान मुलं, गळ्यात वाद्यं अडकवलेले आम्ही, सगळे चांदणीच्या चालीनं चालत होतो, म्हणजे अगदी हळू. पुढे काका लगाम धरून, शेजारी नवरी घोडीच्या मानेवर हात ठेवून. खुरांचा आवाज येत होता. तीन ठोके ठसठशीत, चौथा दबका. एवढ्या वर्षांत मी तिच्या पावलांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता, कारण तो झाकायचं काम माझंच होतं.

तबेल्यात झूल उतरली, हार उतरले, कलगी सुटली. मावशीनं कानांतला कापूस काढला. चांदणीनं दोन्ही कान पुढे-मागे फिरवले, गल्लीतला एकेक बारीक आवाज टिपत. प्रज्ञानं साडी खोचून चांदणीचा दुखरा पाय धरला आणि मावशीनं तो बादलीतल्या गार पाण्यात सोडला. खूर तव्यासारखा तापला होता. पाणी लागलं तशी चांदणी नाकानं लांब फुरफुरली आणि प्रज्ञाच्या पांढऱ्या साडीवर तोंडाचा ओला ठसा उमटवला. मावशी कळवळली, "अगं, साडी!" प्रज्ञा म्हणाली, "राहू दे. मेकअपवाली म्हणतच होती, काहीतरी कमी आहे."

गल्लीच्या बाहेर आल्यावर काका माझ्याकडे वळले. "आता वाजवा. लांबूनच, पण वाजवा."

मी असा बेंजो पुन्हा कधी वाजवला नाही. नवरी घोडीवर नव्हती म्हणून ती नाचू शकत होती, हे आमच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. ती नाचली. घोडपदेवच्या उतारापासून परळच्या हॉलपर्यंत चप्पल हातात घेऊन नाचली. सिग्नलला थांबलेल्या बेस्टच्या बसमधून लोक टाळ्या वाजवत होते. आणि निम्म्या वाटेवर, मी सांगतो त्यावर चाळीत अजून काहींचा विश्वास बसत नाही, कांबळेकाका नाचायला लागले. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, इस्त्रीचा शर्ट घामानं चिंब. रस्त्याच्या मधोमध. त्यांना कुणी अडवलं नाही. उलट पुढचा ट्रॅफिकवाला मागच्या गाड्या थांबवून त्यांना वाट करून देत होता.

आम्हाला उशीर झाला तसा नीलेश हॉलमधून बाहेर येऊन रस्त्यावरच भेटला. "घोडी कुठाय?" त्यानं विचारलं.

"सुट्टीवर," प्रज्ञा म्हणाली. मग दोघंही आत गेले आणि बुद्धवंदना सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. खुराच्या आत पू झाला होता. त्यांनी तो काढला, पट्टी बांधली, म्हणाले, बरी होईल, पण वय झालंय, आता डांबरावर माणूस घेऊन चालवू नका. मावशी पावसाळाभर विचार करत राहिली. घोडी म्हणजे तिचं घर होतं. घोडीला सुट्टी द्या म्हणणं सोपं, मग तिच्या चुलीचं काय, हे म्हणणाऱ्यानं सांगायला हवं. ते आम्ही कुणी सांगू शकलो नाही. तिचं तिनंच ठरवलं. वाईजवळ भावाचं रान होतं, दोन म्हशी होत्या. "म्या बी जाते तिच्यासंगं," ती एक दिवस म्हणाली. "माझं गुडघं काय कमी ठणकत न्हाईत. आमी दोघी बी रिटायर." दसऱ्याच्या आधी टेम्पो आला. चांदणी आत चढेना. शेवटी माहेरी आलेल्या प्रज्ञानं तळहातावर चणे धरले, आणि बाईसाहेब चढल्या.

पौषात, म्हणजे वराती थंडावलेल्या असताना, काका, प्रज्ञा, नीलेश आणि मी वाईला गेलो. हरभरा घाट्यांवर आला होता. मावशीनं बांधावरच चहा दिला आणि म्हणाली, ती बघा तुमची. पलीकडच्या पडीक रानात चांदणी मोकळी उभी होती. ना झूल, ना लगाम, पोटाला चिखल लागलेला. पांढरी तर ती अजिबात नव्हती. प्रज्ञानं हाक मारली. तिनं मान उचलून बघितलं आणि पुन्हा गवतात घातली.

मग तिनं पुढचे गुडघे टेकले आणि धप्पकन आडवी झाली.

"अरे, पडली ती!" काका चहाचा कप टाकून धावले. आम्हीही त्यांच्या मागे.

"पडली न्हाय वो," मावशी मागून ओरडली, हसून हसून तिला बोलवेना. "लोळतीय! घोडं लोळतंच!"

आम्ही मुंबईची माणसं. घोडं लोळतं हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? त्या तबेल्यात तिला धड वळायला जागा नव्हती. ती पाठीवर झाली, चारी पाय आभाळात, इकडून तिकडे, तिकडून इकडे, धुळीचा लोट उठला. ज्या पाठीवर इतके फेटे, इतक्या तलवारी, इतके नवरे बसून गेले, ती पाठ ती जमिनीवर खसाखसा घासत होती आणि घशातून असा आवाज काढत होती जसा मी कुठल्याच वरातीत ऐकला नव्हता. मग एका झटक्यात उठली, काकांपासून हातभर अंतरावर, आणि सगळं अंग नाकापासून शेपटीपर्यंत झाडलं.

काका नखशिखांत लाल मातीनं माखले. मिशा, चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"बाबा, शर्ट!" प्रज्ञा रुमाल घेऊन पुढे झाली.

काकांनी चष्मा काढला, पुसला नाही. समोरच्या घोडीकडे बघत उभे राहिले, आणि त्यांचं पोट हसण्यानं गदगदायला लागलं.

"असू दे गं," ते म्हणाले. "असाच जाणार मी घरी."